कमी चिप्सवाला समोर असताना

पोकरविषयी या सदराकडे आलेली बरीचशी पत्रे एकाच अडचणीभोवती फिरणारी आहेत. स्पर्धेत आपल्याकडे चिप्स बऱ्यापैकी असतात, समोरचा शेवटच्या काही ब्लाइंडवर (ब्लाइंड म्हणजे पत्ते पाहण्याआधीच भरावी लागणारी सक्तीची रक्कम) तग धरून असतो, आणि नेमके त्याच्याशी खेळताना आपले चुकते. त्यांपैकी सहा पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. सर्व उत्तरे नो-लिमिट होल्डेम स्पर्धेपुरती (प्रत्येकाला दोन बंद पत्ते, मधोमध पाच सामाईक, आणि हव्या तेवढ्या चिप्स लावायची मुभा) आहेत आणि चिप्सचा आकडा सगळीकडे बिग ब्लाइंडच्या, म्हणजे दोन ब्लाइंडपैकी मोठ्याच्या, पटीत सांगितला आहे; स्मॉल ब्लाइंड त्याच्या अर्धा. अँटी (ब्लाइंडखेरीजची आणखी एक सक्तीची रक्कम) ही बिग ब्लाइंडवर बसलेला खेळाडू टेबलाच्या वतीने एकटाच भरतो आणि ती एका बिग ब्लाइंडइतकी असते, असे धरले आहे. म्हणजे पत्ते वाटले जाताना मधोमध अडीच ब्लाइंड आधीच पडलेले असतात.

प्रश्न : माझ्याकडे 42 ब्लाइंड होते. बटणावरून (जिच्यानंतर फक्त दोन ब्लाइंडवाले बोलायचे उरतात त्या जागेवरून) मी गुलाम-चौकीवर दोन ब्लाइंडचा रेज केला, म्हणजे बोली वाढवली, कारण बिग ब्लाइंडवरच्या खेळाडूकडे त्याने भरलेला ब्लाइंड धरून पाचच उरले होते आणि तो घाबरून पत्ते टाकेल असे मला वाटले. त्याने ऑल-इन केले (सगळ्या चिप्स लावल्या) आणि मी फोल्ड केले (पत्ते टाकले). टेबलावरचा एक जाणकार म्हणाला की कॉल करायला, म्हणजे त्याच्याइतकी रक्कम भरायला, हवा होता. दुसरा म्हणाला की रेजच करायला नको होता. बरोबर कोण?

उत्तर : दोघेही. चूक रेज करतानाच झाली होती. फोल्ड करून आपण तिच्यावर दुसरी चढवली.

आपल्याकडे 42 ब्लाइंड असोत की 420, त्या डावात आपण पाचच ब्लाइंडचा खेळ खेळत होता. दोघांपैकी ज्याचा स्टॅक (चिप्सचा साठा) लहान, त्याचाच आकडा डावाला लागू होतो. आपले उरलेले 37 ब्लाइंड त्या वेळी टेबलावर नुसते शोभेला होते. मोठ्या स्टॅकचा धाक असतो तो समोरच्याला पुढच्या फेऱ्यांत आणखी काही गमवावे लागेल या भीतीपोटी, आणि ज्याच्याकडे पुढच्या फेऱ्यांसाठी काही उरतच नाही त्याला तो धाक कसा वाटणार? शिवाय त्याने फोल्ड केले असते तर त्याच्याकडे चार ब्लाइंड राहिले असते आणि टेबलाची एक पूर्ण फेरी अडीच ब्लाइंड खाते, हे त्यालाही ठाऊक होते. अशा खेळाडूवर केलेला रेज म्हणजे ब्लाइंड चोरण्याचा प्रयत्न नव्हे, तर त्याचे पत्ते उघडे पाडण्याचे निमंत्रण असते.

आता कॉलचा हिशेब पाहू. त्याच्या ऑल-इननंतर मधोमध आपले 2, त्याचे 5, स्मॉल ब्लाइंडचा अर्धा आणि अँटीचा 1, असे साडेआठ ब्लाइंड होते. आपल्याला आणखी 3 घालायचे होते. साडेअकराच्या पॉटसाठी (मधोमध जमलेल्या रकमेसाठी) 3 घालायचे, म्हणजे 26 टक्के वेळा जिंकलो तरी बरोबरी झाली. गुलाम-चौकी हा टाकाऊ हात असला तरी एक्का-राजासमोरसुद्धा तो साधारण तीनांतून एकदा जिंकतो. गुलामाहून मोठी जोडी निघाली तर मात्र शक्यता आठांतून एकदा इतकी घसरते; पण कोणतीही जोडी मुळात सतरा डावांतून सरासरी एकदाच येते, आणि पाच ब्लाइंडवर बसलेला माणूस केवळ जोडीची वाट पाहत नसतो. त्यामुळे कॉल करणे भाग होते.

म्हणून अशा ठिकाणी रेज करण्याआधीच स्वतःला विचारावे : हा ऑल-इन करेल तेव्हा मी कॉल करणार आहे, हे ठाऊक असूनही मला हे पत्ते खेळायचे आहेत का? एक्का किंवा राजा असलेले हात, जोड्या, राणी-दश्शीसारखी उंच पाने यांचे उत्तर होकारार्थी येते. गुलाम-चौकीचे नाही.

येथे थोडे विषयांतर करतो. नवे खेळाडू पाच ब्लाइंडवाल्याला फार भितात आणि पंधरा ब्लाइंडवाल्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. माझ्या मते खरा त्रासदायक गडी हा दुसराच आहे. बिग ब्लाइंडवर पाचऐवजी पंधरावाला असता आणि त्याने त्याच रेजवर ऑल-इन केले असते, तर पॉट साडेअठरा झाला असता, आपल्याला आणखी 13 घालावे लागले असते आणि 41 टक्क्यांहून अधिक वेळा जिंकण्याची गरज पडली असती. गुलाम-चौकीला ते झेपत नाही, त्यामुळे आपण दोन ब्लाइंड फुकट देऊन फोल्ड केले असते, आणि हे जाणूनच तो ऑल-इन करतो. बारा ते अठरा ब्लाइंडवाले दोघे-तिघे आपल्या डावीकडे बसलेले असतील तर रेज कमी ठिकाणी करावेत, आणि जे करायचे ते अशा पत्त्यांवर, की ऑल-इन आल्यावर कॉल करायचा की सोडायचे याचा फार विचार करावा लागणार नाही.

प्रश्न : मी बिग ब्लाइंडवर होतो. आठ ब्लाइंडवाल्याने ऑल-इन केले आणि बाकीच्यांनी सोडले. माझ्याकडे राजा-नव्वी होती. एका स्पर्धेत मी याच पत्त्यांवर कॉल करून जिंकलो, दुसऱ्या स्पर्धेत हरलो. नियम काय धरावा?

उत्तर : जिंकलो की हरलो यावरून नियम ठरवू नये. तो पॉटमधल्या भावावरून आणि समोरचा कोणत्या जागेवरून बोलला यावरून ठरतो. दोन्ही स्पर्धांत तो कुठे बसला होता, हे आपण लिहिलेले नाही आणि उत्तर त्यातच आहे.

भाव दोन्हीकडे सारखाच. त्याचे 8, स्मॉल ब्लाइंडचा अर्धा, आपला ब्लाइंड 1, अँटी 1, मिळून साडेदहा. आपल्याला घालायचे 7. साडेसतरासाठी 7, म्हणजे 40 टक्के.

तो बटणावर होता असे समजू. त्याच्यापुढे फक्त दोघांचे निर्णय उरले होते, तेव्हा आठ ब्लाइंडवर समंजस खेळाडूही एक्क्याबरोबरचे जवळजवळ कोणतेही पान, सगळ्या जोड्या, राजाबरोबरची बरीच पाने, शिवाय गुलाम-दश्शी आणि दश्शी-नव्वीसारखे हात घेऊन ऑल-इन करतो. एवढ्या मोठ्या रेंजसमोर (त्याच्याकडे असू शकणाऱ्या हातांच्या संचासमोर) राजा-नव्वी जवळजवळ बरोबरीत असते आणि तिला 40 टक्केच हवे आहेत. कॉल करावा, आणि त्याने एक्का-पंजी उलटी केली तरी हळहळू नये, कारण त्या एका हातासमोरही राजा-नव्वीला चाळिसाच्या वर शक्यता असते.

आता तोच माणूस पहिल्या जागेवर बसला आहे असे धरा. मागे सात-आठ जण बोलायचे असताना त्याने सगळे पुढे ढकलले. आता त्याच्याकडे मध्यम किंवा मोठी जोडी, एक्क्याबरोबर दश्शीच्या वरचे पान, फार तर राजा-राणी असे हात निघतील. त्यांतल्या बऱ्याच हातांत एक्का आपल्या राजाच्या वर असतो किंवा राजाबरोबरचे पान नव्वीच्या वर असते, आणि आपली शक्यता तीनांतून एकदा, याच्या आसपास येते. फोल्ड करावे.

छोट्या एक्क्याचे आणखी वाईट होते. एक्का-तिर्री पाहून हात शिवशिवतात, पण सुरुवातीला बोलणाऱ्याच्या जागेवरून आलेल्या ऑल-इनसमोर ती बहुतेक वेळा दुसऱ्या, मोठ्या एक्क्याच्या पायाखाली सापडते आणि मग वाचवायला तिर्रीच उरते. उलट सत्ती-अठ्ठी एकाच रंगाची असेल तर ती एक्का-राजासमोर शंभरांतून चाळीस वेळा जिंकते. तिच्यावर सर्रास कॉल करा असे मी म्हणत नाही, पण दोन्ही पाने जिवंत, म्हणजे समोरच्याच्या पानांशी न जुळणारी, असणे किती मोलाचे असते ते यावरून कळते.

हे सर्व आपण शेवटचे बोलणारे आहात म्हणून. मागे आणखी कोणी शिल्लक असेल तर कॉल फार जपून करावा. हात खरोखर चांगला असेल तर नुसता कॉल करण्यापेक्षा स्वतःच वर रेज करून मागच्यांना बाहेर ठेवणे बहुधा योग्य ठरते.

प्रश्न : आम्ही चौघे उरलो होतो आणि बक्षिसे तिघांना होती : 50, 30 आणि 20 टक्के. माझ्याकडे 4,000 चिप्स, इतरांकडे 3,000, 2,000 आणि 1,000. ब्लाइंड 100–200. हजारवाल्याने बटणावरून ऑल-इन केले. मी बिग ब्लाइंडवर गुलाम-दश्शी घेऊन बसलो होतो. मित्र म्हणतात की बबलवर (आणखी एक बाद झाला की उरलेल्यांना बक्षीस, अशा टप्प्यावर) कॉल करायचा नसतो, म्हणून सोडले. ते बरोबर का?

उत्तर : मित्रांनी एका ठिकाणचे औषध दुसऱ्या आजाराला दिले.

बबलवर जिंकलेली चिप आणि गमावलेली चिप यांची किंमत सारखी नसते, हे खरे आहे. हे मोजायला आयसीएम (इंडिपेंडंट चिप मॉडेल) हे गणित वापरतात. प्रत्येक खेळाडू पहिला, दुसरा, तिसरा येण्याची शक्यता त्याच्या चिप्सच्या प्रमाणावरून काढायची आणि तिला बक्षिसांनी गुणायचे, एवढीच त्याची कल्पना. मुळात डेव्हिड हारव्हिल यांनी 1973 साली घोड्यांच्या शर्यतींसाठी ही पद्धत मांडली होती. पोकरसाठी ती मेसन मालमुथ यांनी 1987 साली स्वतंत्रपणे शोधली.

आधी मित्रांच्या मनात असलेले चित्र घेऊ. चौघांकडेही 2,500 चिप्स आहेत, बक्षिसे आपण लिहिली तीच. प्रत्येकाचा वाटा अर्थातच एकूण रकमेच्या 25 टक्के. एकाने ऑल-इन केले, आपण कॉल केला आणि जिंकलो, तर आपल्याकडे 5,000 होतात; पण वाटा 50 टक्के होत नाही, 38.3 टक्केच होतो, कारण उरलेल्या दोघांचे बक्षीस पक्के झालेले असते आणि आपल्याला सगळे पैसे काही केल्या मिळत नाहीत. हरलो तर 25 चे शून्य. 25 भागिले 38.3 केले की 65 टक्के येतात. ब्लाइंड बाजूला ठेवले तर नुसत्या चिप्सच्या दृष्टीने 50 टक्के पुरणाऱ्या कॉलला येथे 65 टक्के लागतात, आणि एक्का-राजासुद्धा दुर्रीच्या जोडीसमोर एवढे देत नाही. मित्रांचा नियम येथे अगदी चोख बसतो.

आता आपला डाव. कॉल करण्यापूर्वी 4,000 चिप्सवर आपला वाटा 33.6 टक्के होता. जिंकलो असतो तर समोरचा बाद होऊन आपल्याकडे 5,000 झाले असते आणि वाटा 38.4 टक्के. हरलो असतो तर 3,000 राहून वाटा 28.2 टक्के. कमाई 4.8, नुकसान 5.4. ब्लाइंड बाजूला ठेवले तर येथे लागतात 53 टक्के. म्हणजे नुसत्या चिप्सच्या हिशेबाहून अवघे तीन जास्त. दोन्ही चित्रांत बबल तोच, बक्षिसेही तीच. पहिल्या चित्रातला माणूस आपल्याला बाद करू शकत होता आणि हा फक्त ओरबाडू शकतो, एवढाच फरक.

ब्लाइंड मोजायला घेतले की चित्र आणखी स्पष्ट होते. त्याचे 5, आपला 1, स्मॉल ब्लाइंडचा अर्धा, अँटी 1, असे साडेसात मधोमध आणि आपल्याला घालायचे 4. चिप्सच्या हिशेबाने 35 टक्के पुरे; बबलची भर टाकली तरी आकडा चाळिसाच्या आत राहतो. पाच ब्लाइंडवर बटणावरून येणाऱ्या रेंजसमोर गुलाम-दश्शी एवढे देते. त्याने एक्का-राजा दाखवला असता तरी ती फार मागे नसती. कॉल होता. आपण स्मॉल ब्लाइंडवर असता आणि मागे 3,000 वाला बोलायचा असता, तर मात्र सोडणेच शहाणपणाचे होते.

आपल्या पत्रात न विचारलेली पण याहून मोठी एक गोष्ट आहे. सर्वांत मोठा स्टॅक घेऊन बबलवर बसलेल्याची शिकार हजारवाला नसतोच. ती 2,000 आणि 3,000 वाल्यांची असते. त्या दोघांना हजारवाला आधी बाद व्हावा असे मनापासून वाटत असते, आणि तोवर ते चांगले पत्तेही सोडून देतात. त्यांच्या ब्लाइंडवर आपण वारंवार रेज केले तर त्यांना प्रत्येक वेळी बक्षिसावर पाणी सोडण्याचा धोका पत्करून उत्तर द्यावे लागते. थोडक्यात, तो कमी चिप्सवाला जिवंत आहे तोवरच आपल्या मोठ्या स्टॅकला ही धार आहे. याचा अर्थ त्याला जाणूनबुजून वाचवावे असा नाही. पण त्याच्यामागे हात धुऊन लागून वाईट कॉल करण्याची घाईही नसावी. आणि आपण 3,000 वर असाल तर 4,000 वाल्याशी मोठा पॉट टाळावा, मग हातात बऱ्यापैकी जोडी का असेना.

ज्या स्पर्धेत सगळी बक्षिसे सारखीच असतात, म्हणजे मोठ्या स्पर्धेचे प्रवेश वाटणारी सॅटेलाइट, तिथे हे टोकाला जाते. आपली जागा जवळजवळ पक्की असेल आणि दुसरा कोणी पुढच्या ब्लाइंडलाच संपणार असेल, तर आपल्याला बाद करू शकणाऱ्याच्या ऑल-इनसमोर एक्क्यांची जोडीही टाकून देणे योग्य ठरते. हे पटायला वेळ लागतो. मला लागला होता.

प्रश्न : एक जण ऑल-इन होता, मी आणि आणखी एक जण कॉल करून फ्लॉपवर (पहिल्या तीन सामाईक पत्त्यांवर) गेलो. मी त्याला म्हणालो, “आता शेवटपर्यंत चेकच करू,” म्हणजे आणखी काही न लावता पुढे जाऊ. डीलरने मला ताकीद दिली. पुढे त्या दुसऱ्या जणाने टर्नवर (चौथ्या सामाईक पत्त्यावर) बेट करून, म्हणजे चिप्स लावून, मला बाहेर काढले आणि नंतर ऑल-इनवाल्याकडून हरला. दोष कोणाचा?

उत्तर : ताकीद योग्यच होती. प्रत्येकाने आपला हात एकट्याने खेळायचा हा नियम आहे. दोघांनी बोलून संगनमत करणे हे तिसऱ्याविरुद्ध कट करण्यासारखे धरले जाते आणि त्यासाठी दंडही होऊ शकतो. 2001 साली स्थापन झालेल्या टूर्नामेंट डायरेक्टर्स असोसिएशनची नियमावली ज्या स्पर्धा पाळतात तिथे याबाबत संदिग्धता नाही.

न बोलता चेक करत जाणे मात्र सर्वस्वी वैध आहे आणि बबलवर ते बहुधा शहाणपणाचेही असते, कारण दोन हात मिळून ऑल-इनवाल्याला हरवण्याची शक्यता एका हातापेक्षा जास्त असते. आपल्या जोडीदाराने टर्नवर नुसता ब्लफ केला असेल तर त्याने विचित्रच केले : बाजूचा पॉट (ऑल-इनवाल्याला वगळून फक्त आपल्या दोघांमधला) रिकामा होता, म्हणजे आपल्याला बाहेर काढून त्याला तिथे काहीच मिळणार नव्हते, आणि मुख्य पॉटसाठी ऑल-इनवाल्याचे पत्ते तर कोणत्याही बेटने हटत नाहीत. खरोखर चांगला हात धरून त्याने बेट केली असेल तर त्याला दोष देता येणार नाही.

प्रश्न : सात ब्लाइंडवाल्याने दुसऱ्या जागेवरून ऑल-इन न करता फक्त दोन ब्लाइंडचा रेज केला. मला तो कचरलेला वाटला, म्हणून नव्व्यांच्या जोडीवर मी त्याला ऑल-इन घातले. त्याच्याकडे राजांची जोडी होती. हे दुर्दैव म्हणावे का?

उत्तर : थोडे दुर्दैव, थोडे दुर्लक्ष. सात ब्लाइंडवर कचरलेला माणूस पत्ते टाकतो किंवा डोळे मिटून सगळे ढकलतो. शांतपणे छोटा रेज करणाऱ्याला बहुधा कोणीतरी अंगावर यावे असेच वाटत असते. त्याने आधी तीन-चार वेळा याच स्टॅकवर थेट ऑल-इन केले असेल आणि आजच छोटा रेज केला असेल, तर शंका अधिकच घ्यावी. असे असले तरी एवढ्या लहान स्टॅकसमोर नव्व्यांची जोडी सोडावी असे मी म्हणणार नाही. त्याच जागी एक्का-सत्ती असती तर मात्र सोडायला सांगितले असते.

प्रश्न : बिग ब्लाइंडवर असताना समोरच्याने शेवटचे दोन ब्लाइंड ऑल-इन केले आणि बाकी सर्वांनी सोडले. माझ्याकडे सत्ती-दुर्री होती. एवढे वाईट पत्ते असताना त्याला दुप्पट करण्यात काय हशील, असा विचार करून मी सोडले. जॅक स्ट्रॉस यांची गोष्ट वाचल्यापासून अशा खेळाडूला चिप्स द्यायची भीतीच वाटते.

उत्तर : गोष्ट खरी आहे. 1982 च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेत स्ट्रॉस यांच्याकडे 500 ची एकच चिप उरली होती आणि त्यांनी तिथून ती स्पर्धा जिंकली. पण भीतीपोटी आपण जे केले त्याने समोरच्याला मदतच झाली : त्याला हात न जिंकता दोन ब्लाइंडचे साडेचार मिळाले.

मधोमध त्याचे 2, आपला 1, स्मॉल ब्लाइंडचा अर्धा आणि अँटीचा 1 होता. आपल्याला आणखी एकच ब्लाइंड घालायचा होता. साडेपाचसाठी एक, म्हणजे 18 टक्के. सत्ती-दुर्री हा होल्डेममधला सर्वांत बदनाम हात, पण एक्का-राजासमोरही तो तीनांतून जवळजवळ एकदा जिंकतो. एक्क्यांच्या जोडीसमोर तेवढा आठांतून एकदाच जिंकतो, आणि ती जोडी 221 डावांत सरासरी एकदा येते. पुढच्या वेळी फक्त मागे किंवा पुढे आणखी कोणी पॉटमध्ये नाही ना एवढे पाहावे आणि कॉल करावा.